पिवळ्या खोलीतला पापुद्रा

करोनाची दुसरी लाट ओसरल्यावर आमची प्रयोगशाळा उघडली, त्या दिवशी ताईच्या चपला दारातच होत्या. तपकिरी, अंगठ्यापाशी झिजलेल्या, एक सरळ आणि एक तिरपी. शहर बंद होणार अशी बातमी आली त्या दुपारी सगळ्यांचीच पळापळ झाली होती. ताईला सावनेरची बस गाठायची होती. आत वापरायच्या रबरी स्लिपर पायात तशाच ठेवून ती निघाली आणि बसमध्ये बसल्यावर मला फोन करून हसली, "माह्या चपला तिथंच राहिल्या वं. असू दे, आल्यावर घालीन."

ती आली नाही. मे महिना लागायच्या आत रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात ती गेली.

कुलूप काढायला आलेला शिपाई त्या चपला ओलांडून आत गेला. मीही ओलांडून गेले. त्या बाजूला सरकवायला कोणाचाच हात झाला नाही.

ताई माझी सख्खी बहीण नव्हती. पीएचडीसाठी मी त्या संस्थेत आले तेव्हा ती तिथे माझ्या आधीपासून होती, एवढंच आमचं नातं. पहिल्या दिवशी मी तिला मॅडम म्हटलं, तर हातातली बाटली खाली ठेवून म्हणाली, "मॅडम काहून म्हणून राहिली? ताई म्हण. नाही तर काहीच नको म्हणू." सावनेरच्या पुढे, कोळशाच्या खाणीला लागून असलेल्या एका गावातली ती. वडील खाणीत कामाला. खाणीत साचलेलं पाणी उपसून नाल्यात सोडायचे आणि गावातल्या विहिरींना कसलीशी चव यायची. तिची आई ते पाणी जुन्या सुती लुगड्याच्या दुहेरी घडीतून गाळून घ्यायची.

"कपड्यावर काळी काळी माती राहायची," ताई सांगायची. "आई म्हणे, झालं साफ. मी म्हणे, जे दिसत नाही ते तर खालीच गेलं न! तवापासून माह्या डोक्यात हेच. याच्यापेक्षा बारीक कापड पाह्यजे."

ते बारीक कापड आम्ही पिवळ्या खोलीत करायचो. खोली पिवळी होती, कारण आमच्या द्रावणाला बाहेरचा साधा उजेडसुद्धा सोसत नसे. उन्हातल्या अतिनील किरणांनी ते बाटलीतच घट्ट व्हायला लागायचं. म्हणून खिडक्यांच्या काचांवर पिवळा कागद चिकटवलेला, दिवेही पिवळे. आत आलेल्या माणसाचा चेहरा कावीळ झाल्यासारखा दिसायचा. काचेच्या तुकड्यावर द्रावण ओतायचं, पात्याने सारखं पसरायचं, दुधावरच्या सायीहून पातळ. मग ती काच एका पेटीत सरकवायची; उजेड पाडेपर्यंत तिचं पुढचं झाकण उघडंच असायचं. पेटीच्या माथ्यावर अतिनील दिवा, त्याच्याखाली पत्र्याची सरकती झडप. झडप ओढली की तो निळसर उजेड खाली पडायचा, द्रावणातले लांब लांब रेणू एकमेकांत गुंफले जायचे आणि पापुद्रा त्या क्षणी जसा असेल तसा गोठायचा. त्याला कागदोपत्री मेम्ब्रेन म्हणायचं. त्यात डोळ्यांना न दिसणारी भोकं असतात, पाणी त्यातून पार होतं आणि घाण वर राहते.

ताई त्या भोकांना जाळी म्हणायची. अनारशाला पडते ती जाळी.

द्रावण पसरलं की आधी काचेसारखं आरपार दिसायचं. थोड्या वेळाने त्यात धुकं उतरल्यासारखं व्हायचं, मग ते दुधाळ होत जायचं. म्हणजे आत जाळी पडायला लागली. त्या वेळी उजेड पाडायचा. फार लवकर पाडला तर भोकं पडायच्या आधीच सगळं आवळून जायचं, फार उशिरा पाडला तर जाळी फाटून चिंध्या व्हायच्या. धुकं दिसलं रे दिसलं की माझा हात झडपेकडे जायचा आणि ताई माझं मनगट धरायची.

"थांब वं."

मी थांबायचे.

"अजून थांब. पडू दे तिले जाळी."

ती काचेवर वाकून बघत राहायची. मनाशी काहीतरी ठरल्यावर नुसतं "हं" म्हणायची आणि मी झडप ओढायचे. तिच्या हाताखाली झालेल्या पापुद्र्याचा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की वर बारीक, खाली मोठी होत गेलेली जाळी दिसायची, कोणी हाताने ओवल्यासारखी. आमचे सर फार बोलणारे नव्हते. पण ती चित्रं पाहून त्यांनी खुर्ची मागे सरकवली होती आणि ताईकडे नुसते बघत राहिले होते.

ती चित्रं उन्हाळ्यातली होती. नागपूरचा उन्हाळा म्हणजे होळी झाली की खिडकीत कूलर बसवायचा, त्याला नव्या वाळ्याच्या ताट्या लावायच्या आणि मग दिवसभर एकच प्रश्न एकमेकांना विचारायचा, "कूलरमध्ये पाणी टाकलं का?" आमच्या पिवळ्या खोलीतही तेच. कूलरचा घरघराट इतका की ताई आणि मी ओरडून बोलायचो. ती दुपारचा डबा पेटीशेजारीच उघडायची. सरांना हे माहीत नव्हतं.

दुसऱ्या लाटेत आधी तिचे वडील आजारी पडले. ते वाचले. मग ती पडली. गावाहून सावनेर, सावनेरहून नागपूर, खाट शोधत हिंडता हिंडता रामदासपेठेत एक मिळाली. तिची आई खाली फुटपाथवर बसून असायची, वर कोणाला सोडत नव्हते. मी घरात कोंडलेली. फोन हेच काय ते. पहिल्या दिवशी ती दमत दमत का होईना बोलली, जेवणाला नावं ठेवली. शेवटचा फोन एका दुपारी आला. आवाज ओळखू येत नव्हता.

"दिवा चालू राहिला वं."

"कोणता दिवा, ताई?"

"पेटीतला. बंद कर न."

"बंद आहे ताई. मी स्वतः बंद केलाय. मेन स्विचही पाडलाय."

"नाही न. चालू आहे. डोळे दुखून राहिले माहे त्याच्यानं."

मी पुन्हा सांगितलं की बंद आहे. ती म्हणाली, "जाऊन पाह्य." मी म्हटलं, जाते. जाणं शक्य नव्हतं, चौकात पोलीस उभे होते, संस्थेचं फाटक बंद होतं, आणि हे तिला एरवी कळलं असतं. मग फोनवर बराच वेळ नुसता यंत्राचा आवाज येत राहिला आणि कोणीतरी तो बंद केला. दुसऱ्या सकाळी तिच्या आईचा फोन आला. त्यांना मी तोवर पाहिलेलंही नव्हतं. त्या म्हणाल्या, "गेली वं तुही ताई." घरच्यांनाही घाटावर लांबच उभं केलं होतं.

म्हणून प्रयोगशाळा उघडली तेव्हा मी सगळ्यांत आधी पेटीकडे गेले. दिवा बंद होता. मेन स्विच खाली होता. मी हात लावून पाहिलं, पेटीचा पत्रा थंड होता. मग झाकण उचललं तर आत काच होती आणि काचेवर ताईने पसरलेलं द्रावण. त्या दुपारी निघायच्या गडबडीत ते तसंच राहिलं असणार. मला वाटलं, वाळून खापरी झाली असेल. बोट लावलं तर ते ओलं होतं. इतके महिने अंधारात ते ओलं राहिलं होतं. किंचित धुरकट, पण ओलं. आम्ही वापरायचो तो द्रव पटकन उडून जाणारा नव्हता, झाकणही घट्ट, हे सगळं मला माहीत होतं. तरी मी बोट मागे घेतलं. नुकतंच पसरून ती हात धुवायला गेली असावी, असं ते दिसत होतं.

शिपाई दाराशी उभा होता. मी चष्मा चढवला, दिवा लावला, तो तापू दिला आणि झडप ओढली.

पापुद्रा पांढराशुभ्र निघाला. पाण्यात धुतला, वाळवला, सूक्ष्मदर्शकाखाली नेला. वर बारीक, खाली मोठी. ताईची जाळी.

सर चित्र पाहून म्हणाले, "तिचं काम आता तू पुढे ने. पेपर तिच्या नावानेच जाईल, पण नवे नमुने लागतील. एकदा झालेलं पुन्हा झालं पाहिजे."

मला ते सोपं वाटलं. द्रावण तेच, पेटी तीच, दिवा तोच. प्रयोगशाळा उघडल्यावर लगेच संस्थेने पिवळ्या खोलीत एसी बसवला, म्हणजे तापमानही आता हवं तसं ठेवता येत होतं. एसी बसवणाऱ्या माणसांनी कूलर भंगारात काढला आणि दारातलं सामानही हलवलं. त्या संध्याकाळी मी बाहेर आले तर चपलांची जागा रिकामी होती. कोणी नेल्या, कुठे टाकल्या, कोणालाच सांगता येईना. मी इमारतीमागच्या कचऱ्यापर्यंत जाऊन आले. मग घरी गेले आणि जेवण न करता झोपले.

त्यानंतर माझ्या हातून एकही पापुद्रा नीट झाला नाही. द्रावण पसरायचे, वाट बघायचे, धुकं उतरायचंच नाही. काच तशीच आरपार. कंटाळून झडप ओढायचे आणि हातात यायचा प्लास्टिकच्या पिशवीसारखा गुळगुळीत तुकडा, ज्यातून पाण्याचा थेंब पार होत नसे. प्रमाण बदललं, दिवा मंद केला, प्रखर केला, झडप लवकर ओढली, उशिरा ओढली. दिवाळी गेली, हिवाळा गेला. धुतलेल्या काचा रॅकवर वाळत पडायच्या आणि ताईने अंधारात ठेवून दिलेलं ते एक द्रावण सोडलं तर कशालाच जाळी पडली नव्हती.

प्रयोगशाळेत नव्या मुली आल्या होत्या. त्यांच्यातली एक दुसरीला सांगत होती, "ते ताईच्या हाताशिवाय होतच नाही." ती थट्टेत म्हणाली असेल. मला थट्टा ऐकू आली नाही. हळूहळू त्या पिवळ्या खोलीत एकट्या बसेनाशा झाल्या. आत कोणीतरी उसासा टाकतं म्हणायच्या. तो पेटीतल्या पंख्याचा आवाज होता, मी त्यांना पंखा उघडून दाखवला. पण त्यांना पंखा दाखवणारी मी स्वतः झडपेला हात लावला की मनगटावर बोटं जाणवून थांबायचे. बोटं थंड नव्हती, भुतांच्या गोष्टीत असतात तशी. नेहमीसारखी कोमट होती. "थांब वं." मी थांबायचे. काचेत काहीच होत नसे, तरी थांबून राहायचे. कधी कधी इतका वेळ, की सर दार लोटून विचारायचे, "काय करतेयस?"

घरी आई म्हणाली, विषय बदलून घे. रात्री डोळे मिटले की मिटल्या पापण्यांवर निळसर उजेड यायचा. मी उठून घरातले सगळे दिवे पाहून यायचे. ते बंदच असायचे.

मी तिला पाहिलं ते भर दुपारी. एप्रिलच्या शेवटी वीज गेली होती. एसी थांबला आणि खोलीत एकदम शांत झालं. पिवळा कागद चिकटवलेल्या काचांतून ऊन येत होतं, सगळी खोली हळदीच्या पाण्यात बुडाल्यासारखी. मी दाराशी स्टुलावर बसले होते आणि पेटीसमोर ताई पाठमोरी उभी होती. पांढरा कोट, वेणी कोटाच्या आत खोचलेली, डोक्यावर चढवलेला चष्मा. ती काचेवर वाकली होती. मला भीती वाटली नाही. तिचं काम संपायची वाट बघावी तशी मी बसून राहिले. मग वीज आली, एसी सुरू झाला आणि तिथे कोणी नव्हतं. मी बाहेर जाऊन पायरीवर बसले.

हे मी कोणाला सांगितलं नाही.

पुढच्या दिवशी मी ताईचा नमुन्यांचा डबा काढला. जुन्या उन्हाळ्यातले तिचे पांढरे पापुद्रे त्यात कागदाच्या घड्यांत ठेवलेले होते. का काढला ते सांगता येणार नाही. तिचं काहीतरी हातात हवं होतं, एवढंच. एक तुकडा पाण्याच्या बशीत टाकला. कोरडा पापुद्रा पाणी पितो तेव्हा त्यातून बारीक बुडबुडे येतात. ते आले आणि त्यांच्याबरोबर वास आला. वाळ्याचा. ओल्या वाळ्याच्या ताटीचा, कूलर सुरू केल्यावर पहिल्या झोताला येतो तो.

तो खरोखर आला होता का, हे मला आजही छातीठोक सांगता यायचं नाही. इतकी वर्षं डब्यात पडलेल्या पापुद्र्याला वास धरून ठेवता येतो का? येत असेल. त्याची जाळी वासालाही पुरत असेल. पण मी बशीवर वाकलेली तशीच राहिले आणि मला ती खोली दिसली. कूलर खिडकीत, पेटी त्याच्या समोर, आणि पसरलेल्या काचेवरून सतत वाहणारी ती ओली हवा. आम्ही त्या हवेसाठी कधी काही लिहून ठेवलं नव्हतं. कूलरला प्रयोगाचा भाग कोण समजणार? ती ओल द्रावणात उतरायची, ओल लागली की द्रावण फाटू लागायचं, दुधात लिंबू पडावं तसं, आणि त्या फाटण्यातून जाळी पडायची. दिव्याचा उजेड तिला फक्त तिथे धरून ठेवायचा. आता एसी दिवसभर खोलीतली ओल शोषून घेत होता. आणि झाकणाखाली राहिलेल्या त्या शेवटच्या काचेने आधी कूलरची ओल घेतली असेल, मग झाकणाच्या फटीतून सगळ्या पावसाळ्याची, अगदी हळूहळू, म्हणून जाळी फाटली नसेल.

मी घरचा लहान कूलर रिक्षात घालून आणला. सरांनी विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "सर, एकदा बघू द्या." एसी बंद केला. नवी ताटी भिजवली, कूलर काचेकडे तोंड करून लावला आणि द्रावण पसरलं. थोड्याच वेळात त्यात धुकं उतरलं. माझा हात झडपेवर होता. मी मनगटावरच्या बोटांची वाट बघितली. ती आली नाहीत. काच दुधाळ होत गेली, अजून झाली, आणि कोणी थांब म्हटलं नाही, कोणी हं म्हटलं नाही. मला एकटीलाच ठरवावं लागलं. मी झडप ओढली.

जाळी पडली होती. सर म्हणाले, "अरे वा!" मुलींनी टाळ्या वाजवल्या. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. इतके महिने जे मला छळत होतं ते माझ्यामागून उठून गेलं होतं आणि त्याच्या जागी काहीच नव्हतं.

ताईला हे माहीत होतं का, मला कळलेलं नाही. ती काच मुद्दाम कूलरसमोर ठेवायची, की तिथे बसायला बरं वाटायचं म्हणून? नंतर आम्ही हवेतली ओल मोजायचं यंत्र आणलं, कूलर काढून नीट पेटी बनवली, सगळं रीतसर झालं. पेपर निघाला. तिचं नाव पहिलं, नावाला एक छोटी खूण, आणि खाली बारीक अक्षरांत त्या खुणेचा अर्थ, दिवंगत.

पेपर निघाल्यावर मी तिच्या गावी गेले. बरोबर नळाला लावायचं एक छोटं गाळणं होतं, आत तिच्या पद्धतीचा पापुद्रा बसवलेलं. घर खाणीच्या रस्त्यावर, विहारापासून जवळ. दारावरची तुळई कोळशाच्या धुळीने काळसर. वडील खाटेवर बसून होते, त्यांनी हात जोडले आणि पुन्हा रस्त्याकडे बघत राहिले. मावशी, म्हणजे ताईची आई, ताईपेक्षा ठेंगण्या होत्या, पण बोलायला लागल्या की आवाज तोच. मी दचकून दोनदा मागे पाहिलं.

गाळणं नळाला लावून दिलं. त्यांनी पाणी पेल्यात घेतलं, उजेडात धरलं आणि न पिता खाली ठेवलं. म्हणाल्या, "चांगलं दिसते." मग मला आत नेलं, चुलीपाशी बसवलं आणि आवाज उतरवून विचारलं,

"ती येते का वं तुह्याकडे?"

त्या जवळ सरकल्या.

"येत असन तर सांग. मी नाही भेत. मले एकदाही नाही दिसली. सपनातही नाही. माह्या मोठ्या बहिणीले दिसली, शेजारणीले दिसली. मले काहून नाही दिसत?"

मग मी कोणालाही न सांगितलेलं त्यांना सांगितलं. वीज गेली होती, पिवळं ऊन होतं, ती पेटीसमोर उभी होती. त्या माझ्या तोंडाकडे टक लावून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या,

"अंगात काय होतं?"

"पांढरा कोट. नेहमीचा."

"खराब झाली होती का? दवाखान्यात शेवटी हाडं हाडं राहिली होती म्हणे."

"नाही मावशी. पहिल्यासारखी होती. होती तशीच."

"तोंड पाह्यलं तू?"

"पाठमोरी होती."

त्या चुलीकडे वळल्या. चुलीतलं लाकूड मागे ओढलं, पुन्हा पुढे सारलं. मग म्हणाल्या, "मले ने तिथं. बसू दे मले एक दिवस."

मी सरांना विचारलं. सर म्हणाले, "चष्मा द्या त्यांना, आणि पेटीजवळ नको." एवढंच म्हणाले. मार्चमध्ये मावशी बसने आल्या. धुवट पांढरी साडी, हातात कापडी पिशवी, पिशवीत माझ्यासाठी ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा. पिवळ्या खोलीत शिरल्यावर थबकल्या. "अशा उजेडात बसत होती पोट्टी?" त्यांनी भिंतीला, टेबलाला, स्टुलाला हात लावून पाहिला. मी त्यांना ते स्टूल दिलं ज्यावर ताई बसायची, पण तसं सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. पदर सावरून त्या बसल्या आणि पेटीकडे बघत राहिल्या.

मी माझं काम करत होते. द्रावण पसरलं, धुकं उतरलं, झडप ओढली. निळसर उजेडाची कड पेटीच्या फटीतून दिसली तेव्हा त्या म्हणाल्या, "हाच का तो दिवा?" फोनवरचं ते बोलणं मी त्यांना गावीच सांगितलं होतं. मी हो म्हटलं. "झाल्यावर बंद कर हं," त्या म्हणाल्या. मी बंद केला. दुपारी त्यांना डुलकी लागली, टेबलावर डोकं टेकून झोपल्या. जाग आल्यावर इकडेतिकडे पाहून म्हणाल्या, "कोणी आलं होतं?"

"नाही, मावशी."

"आली असती तर तुले दिसली असती न?"

"माहीत नाही."

तेव्हापासून त्या वर्षातून एखाद्या वेळी येतात. आता मी त्याच संस्थेत शिकवते, त्यामुळे कोणाला विचारावं लागत नाही. नव्या मुली त्यांना आजी म्हणतात, त्यांच्याजवळ बसून डबा खातात. पिवळ्या खोलीची भीती कोणाला राहिलेली नाही. मला ताई पुन्हा दिसली नाही. मावशींना तर कधीच नाही. तरी त्या येतात, बसतात आणि उन्हं कलायच्या आत बस गाठतात.

गेल्या खेपेला त्या अशाच टेबलावर डोकं टेकून झोपल्या होत्या. मी काचा धूत होते. मागून आवाज आला, "हाव." त्यांच्याकडे हो म्हणायचं ते असं. मी वळले. त्यांचे डोळे मिटलेले होते. जरा थांबून त्या पुन्हा म्हणाल्या, "हाव, हाव," आणि हसल्या, जेवायला बसलेल्या लेकीला उत्तर द्यावं तशा. मी ओल्या हातांनी तशीच उभी राहिले. पेटीसमोर कोणी नव्हतं. दाराशी कोणी नव्हतं.

जाग आल्यावर त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "आली होती का कोणी?"

"कोणी दिसलं नाही मला. पण तुम्ही झोपेत बोललात."

"मी? काय बोलली मी?"

"हाव म्हणालात."

"आन्?"

"पुन्हा हाव. हसलात जरा."

त्यांनी पदराने तोंड पुसलं. पिशवी उचलली, परत मांडीवर ठेवली.

"हाव म्हणाली म्हणजे," त्या म्हणाल्या, "तिनं मले काहीतरी विचारलं असन."